पिळदार अंग, तरी ‘सुकडा’: मसल डिसमॉर्फियाची पार्श्वभूमी

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1993 साली 108 पुरुष बॉडीबिल्डर्सची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या तिघांना पूर्वी अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे खाणं तोडून अंग वाळवण्याचा विकार, होऊन गेला होता. नऊ जणांचं दुखणं मात्र नेमकं उलटं निघालं. दंड-छाती भरलेली, तरी आपण सुकडे दिसतो ही खात्री. म्हणून भर उन्हाळ्यात ढगळ कपडे. याच दुखण्याला पुढे ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हटलं गेलं. हे नऊही जण स्टेरॉइड, म्हणजे स्नायू फुगवणारी हार्मोनसारखी औषधं, घेणाऱ्यांपैकी होते.

स्टेरॉइडचा धागा त्याहून जुना. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन 1935 साली प्रयोगशाळेत तयार झालं, 1958 साली डायनाबोल हे स्टेरॉइड अमेरिकेच्या बाजारात आलं आणि पुढे ‘चांगल्या बॉडी’चं माप नुसत्या व्यायामाच्या आवाक्याबाहेर गेलं. औषधाचा जोर 1996 च्या एका चाचणीत मोजला गेला: दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, दहा आठवडे. इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं चरबी वगळता वजन सुमारे 3 किलो वाढलं, औषधाविना वजनं उचलणाऱ्यांचं जेमतेम 2, दोन्ही करणाऱ्यांचं 6. पोस्टरशी स्वतःला ताडून पाहणाऱ्या पोराला हे आकडे सहसा कोणी सांगत नाही.

2000 साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना हवंसं शरीर निवडायला सांगितलं, तर त्यांनी स्वतःपेक्षा सुमारे 13 किलो जास्त स्नायूंचं निवडलं. बायकांनाही तसंच आवडतं, असा त्यांचा समज. बायकांनी पसंत केलं ते साधंच अंग.

‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव 1997 चं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत, तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा (आपल्या दिसण्यात खोट आहे या ध्यासाचा) एक प्रकार म्हणून ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या विकारांच्या, गटात गेला. आमच्या मते खाण्याच्या विकारांपेक्षा हीच जागा योग्य आहे, कारण आहार हा इथे परिणाम. मूळ त्रास सतत आरसा पाहण्याचा, दंड मोजण्याचा, जिमला खाडा पडला की जीव कासावीस होण्याचा. म्हणून उपचारात ठरवून खाडा पाडायला लावतात, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बाहेर पाठवतात. जोडीला एसएसआरआय गटातली, नैराश्य आणि चिंतेवरही देतात ती औषधं, ज्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात.

गाडी अडते ती बहुधा स्टेरॉइड सोडताना. बाहेरून हार्मोन मिळत असल्याने शरीराने स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवलेलं असतं. ते पुन्हा सुरू व्हायला महिने जातात. तोवर स्नायू उतरतात, मन खचतं, ‘सुकडा’ खरा वाटू लागतो आणि स्टेरॉइडची पुढची ‘सायकल’, म्हणजे काही आठवड्यांची फेरी, सुरू होते. त्यामुळे हार्मोनतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघेही पहिल्यापासून सोबत लागतात.