फुफ्फुसाच्या कॅन्सरमधली मेंटेनन्स केमो-इम्युनोथेरपी

फुफ्फुसाचा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरला की नुसतं ऑपरेशन करून तो बरा करता येत नाही, मग आधी काही सायकल (ठरावीक आठवड्यांनी दिलेले डोस) जोरदार औषधं देऊन गाठी आटोक्यात आणायच्या आणि त्यानंतर झेपेल तेवढंच औषध पुढे चालू ठेवायचं, ह्या दुसऱ्या टप्प्याला मेंटेनन्स म्हणतात. केमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) आणि इम्युनो (स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) दोन्ही चालू ठेवली की ती एकत्र मेंटेनन्स.

सगळ्यात जास्त वापर नॉन-स्क्वॅमस (चपट्या पेशींचा नसलेल्या) प्रकारात होतो, आणि तोही ईजीएफआर, एएलके सारखे जीनमधले बदल नसतील तरच, कारण ते असले तर टार्गेटेड गोळ्या (नेमक्या त्या बदलावर काम करणाऱ्या) आधी येतात (म्हणून जीन टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं फार महत्त्वाचं). सुरुवातीच्या ४ सायकलमध्ये प्लॅटिनमचं औषध, पेमेट्रेक्सेड (ही दोन्ही केमो) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनो) असं तिन्ही देतात, मग प्लॅटिनम बंद, बाकीची दोन दर ३ आठवड्यांनी चालू. पेम्ब्रोलिझुमॅब साधारण २ वर्षं, म्हणजे ३५ डोसपर्यंत. २०१८ साली आलेल्या कीनोट-१८९ ट्रायलमध्ये वर्षभरानंतर ६९ टक्के पेशंट हयात होते, नुसत्या केमोवाल्यांत ४९ टक्के. फरक खरंच मोठा आहे.

स्क्वॅमस प्रकारात मात्र पेमेट्रेक्सेड नीट चालत नाही, तिथे मेंटेनन्सला फक्त इम्युनो. स्मॉल सेल (लहान पेशींचा, झपाट्याने वाढणारा) प्रकारातही बरीच वर्षं तसंच होतं, पण २०२५ मध्ये इम्फोर्ट ट्रायल आली आणि अटेझोलिझुमॅबला (इम्युनो) लर्बिनेक्टेडिन (केमो) जोडल्यावर मेंटेनन्स सुरू झाल्यापासूनचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगतात तो काळ) १०.६ वरून १३.२ महिन्यांवर गेलं, साइड इफेक्ट्सही वाढले हे खरं, पण ह्या आजारात अडीच महिने थोडे नाहीत.

पेमेट्रेक्सेड चालू असेपर्यंत रोजची फॉलिक ॲसिडची गोळी आणि दर ९ आठवड्यांनी बी१२ चं इंजेक्शन चुकवायचं नाही, नाहीतर रक्तातल्या पेशी फार खाली जातात. किडनीवर पेमेट्रेक्सेड आणि पेम्ब्रोलिझुमॅब ह्या दोन्ही औषधांचा ताण येऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक सायकलआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात आणि आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर मनाने घ्यायची नाही.

इम्युनोमुळे स्वतःचीच प्रतिकारशक्ती फुफ्फुस, थायरॉइड, लिव्हर किंवा आतड्यावर उलटू शकते. नवा खोकला, दम लागणं, सारखे जुलाब असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, वेळेत स्टेरॉइड सुरू केलं तर बहुतेकदा आटोक्यात येतं. आणि हा त्रास औषध बंद करून काही महिने झाल्यावरही येऊ शकतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी इम्युनो घेतली होती हे आवर्जून सांगा.