बाल न्याय निकालांची सांख्यिकीय तुलना

विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकांच्या दोन गटांना मिळालेल्या आदेशांतला फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल काय, हे संभाव्यतेच्या आधारे पडताळण्याची रीत. आदेश योग्य होता की नाही, हा प्रश्न चाचणीच्या कक्षेबाहेरचा.

समजा, नागपूरच्या बाल न्याय मंडळाने निकाली काढलेली २० प्रकरणे घेतली (आकडे उदाहरणादाखल). पालक जिल्ह्यातच राहणाऱ्या १० मुलांपैकी ८ जणांना समज देऊन घरी पाठवले. पालक परजिल्ह्यात किंवा परराज्यात असलेल्या १० पैकी ३ जणांना. गट व आदेश यांच्या या चार घरांच्या सारणीवर काय-वर्ग चाचणीचे (प्रत्यक्ष संख्या अपेक्षित संख्यांपासून किती दूर आहेत हे मोजणारे) मूल्य ५.०५ येते. ५ टक्के सार्थकता पातळीला (असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची संभाव्यता ५ टक्क्यांहून कमी हवी, हा निकष) १ स्वातंत्र्यमात्रेसाठी (बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या घरांची संख्या) सीमा ३.८४ असल्याने फरक सार्थ ठरतो. मात्र कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली तेव्हा अशा सारणीला ३ मात्रा धरल्या जात. त्या हिशेबाने सीमा ७.८१, म्हणजे हाच फरक नगण्य! ही चूक रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवली. पिअर्सन यांना ती मान्य नव्हती.

वरील सारणीत दोन घरांची अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर आली असती ती) ४.५, म्हणजे रूढ संकेतातील ५ पेक्षा कमी आहे. फ्रँक येट्स यांची १९३४ मधील दुरुस्ती लावल्यास मूल्य ३.२३ पर्यंत, म्हणजे ३.८४ च्या सीमेखाली, उतरते. अचूक चाचणीने (सर्व शक्य वाटण्यांची संभाव्यता थेट मोजून) द्विपक्षी (फरक कोणत्याही बाजूचा धरून) संभाव्यता सुमारे ०.०७, म्हणजे ५ टक्क्यांहून अधिक, येते. या चाचणीला फिशर यांचे नाव असले, तरी येट्स यांनी १९३४ मध्ये व जे. ओ. अर्विन यांनी १९३५ मध्ये ती प्रसिद्ध केली; त्यामुळे काही ग्रंथांत ‘फिशर–अर्विन चाचणी’ असेही नाव आढळते. कल्पना फिशर यांची आणि प्रसार तिघांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही बाजूंच्या बेरजा आधीच ठरलेल्या आहेत, असे ही चाचणी धरून चालते. जी. ए. बर्नार्ड यांनी १९४५ मध्ये पर्यायी चाचणी सुचवली, ती याच मुद्द्यावरून. किती मुलांना घरी पाठवायचे हे मंडळ अगोदर ठरवत नसल्याने हा आक्षेप येथे लागू पडतो. तरीही थोड्या प्रकरणांसाठी सावध बाजू म्हणून अचूक चाचणीच बरी.

प्रकरणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत, ही अट सर्वाधिक मोडली जाते. सीताबर्डीतून दुचाकी पळवल्याच्या एका गुन्ह्यात तीन मुले असली, तर नोंदवहीत नावे तीन, पण घटना एकच आणि आदेशही बहुधा सारखा. अशी तीन नावे स्वतंत्र मोजल्यास फरक उगाच फुगतो. शिवाय परराज्यातील मुलांवरील आरोपच अधिक गंभीर असतील, तर पालकांच्या पत्त्यामुळे दिसणारा फरक खरे तर आरोपाचा असतो. त्यासाठी आरोपांनुसार वेगळ्या सारण्या करून त्या मँटेल–हेन्झेल पद्धतीने (१९५९) एकत्र जोखतात. प्रलंबित प्रकरणे वगळल्यानेही चित्र बिघडते, कारण लांबणारी चौकशी सहसा सोपी नसते.

नागपूरसाठी दीर्घ कालखंडाची तुलना विशेष अवघड. १९५६ पर्यंत हे शहर मुंबई राज्यात नव्हते. ते ज्या मध्य प्रांतात होते, त्याचा १९२८ चा स्वतंत्र बाल अधिनियम होता. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांची वयोमर्यादा १६ होती. २००० च्या कायद्याने ती १८ केली. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयोगटातील निर्घृण (अतिगंभीर) अपराधांसाठी प्राथमिक मूल्यमापन (मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, याची पडताळणी) आणले, तर २०२० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ‘निर्घृण’ची व्याप्ती आवळली. तेव्हा वर्षावर्षांतील फरक मुलांचा की व्याख्येचा, हे आधी तपासावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग महानगरांत नागपूरची आकडेवारी देतो. पण ती एकत्रित असते, कोणत्या बालकाला कोणता आदेश मिळाला हे तीतून जुळवता येत नाही. मूळ नस्तीच पाहाव्या लागतात, आणि त्याही विहित मुदतीनंतर, काही अपवाद सोडता, २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार नष्ट होतात.