वाचलेलं पेपरात का आठवत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी मुली पीयूसीनंतर (कर्नाटकातली बारावी) बी.एस्सी. नर्सिंगला जातात. इथं पुस्तकं इंग्रजी, वॉर्डातला पेशंट कन्नड नाहीतर मराठी बोलणारा. इंटर्नलला मार्क कमी पडले की सगळे एकच सांगतात, अजून वाच. ती रात्रभर ॲनाटॉमी वाचते, ओळींखाली रेघा मारते. पेपरात मात्र ते पान कुठलं हे आठवतं, मजकूर नाही.

बुद्धी कमी नाही, पद्धत चुकते आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के, लिहिलेलं ७५. आठवड्यानंतर उलटं झालं: ४२ आणि ५६. म्हणूनच रात्री 'येतंय' असं वाटतं आणि परीक्षेत हात थांबतो.

त्यात भाषेचं ओझं. मन एका वेळी चारेक गोष्टीच धरून ठेवू शकतं. अनोळखी इंग्रजी शब्दांनी ती जागा भरली, तर हृदयातून रक्त कसं फिरतं हे समजून घ्यायला उरतं काय? म्हणून आधी मैत्रिणीला मराठीत समजावून सांगावं, मग त्यावर इंग्रजी नावं चढवावीत, आणि शेवटी वही मिटून इंग्रजीतच लिहावं, कारण पेपर इंग्रजीत असतो.

औषधांच्या गणितात घोकंपट्टी जास्त घातक. ५०० मिलि सलाईन ४ तासांत द्यायचं आहे. सलाईनची नळी, म्हणजे सेट, २० थेंबांना १ मिलि देणारा असेल, तर १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२. त्याऐवजी ६० थेंबांना १ मिलि देणारा मायक्रो सेट असला तर १२५. उत्तर पाठ केलेली मुलगी तिथंही ४२ लावेल, आणि पेशंटला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच सलाईन मिळेल. रोज एकच गणित, पण आकडे आणि सेट बदलून करावं.

बहुतेक विषयांत थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे ५० टक्के लागतात, त्यामुळं वॉर्डात उत्तम काम करणारी मुलगीही पेपरात अडकते. निकालानंतर तिला बोलावून काय उपयोग? शिक्षकांनी पहिल्या महिन्यापासूनच तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटांची, मार्क नसलेली चाचणी घ्यावी आणि चुका त्याच दिवशी सांगाव्यात.