जुन्या गाडीचा एसी: दुरुस्ती आणि कन्व्हर्जन

जुन्या गाडीचा एसी कन्व्हर्ट करणं म्हणजे जो एसी आर-१२ गॅसवर चालायचा तो आर-१३४ए गॅसवर चालेल असा करून घेणं. ह्यात प्रत्यक्ष गॅस भरणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. त्याच्या आधी लीकेज शोधणं, तेल बदलणं, ओ-रिंगा (सांध्यातल्या रबरी चकत्या), ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा गाळणारा डबा), बऱ्याचदा होज पाइप आणि कंडेन्सर एवढं सगळं येतं, आणि ते टाळून नुसता नवा गॅस मारला की थोडे दिवस गार हवा येते आणि मग पुन्हा गाडी गॅरेजला. जुनी मारुती ८००, मारुती १०००, प्रीमियर ११८ एनई, कॉन्टेसा, शिवाय नंतर डॅशबोर्डखाली युनिट लावून घेतलेल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जीपा, अशा गाड्यांचा हा विषय. सातारा-सांगलीकडं घरची जुनी गाडी विकायची नाही म्हणून जपणारे लोक पुष्कळ आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकला की त्यांना एसीची आठवण होतेच.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढायला पाहिजे. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद सर्किटमध्ये फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, ड्रायरमधून गाळून पुढं एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथं उकळताना आतल्या हवेतली उष्णता ओढतो आणि परत कॉम्प्रेसरला जातो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. जुन्या सील-होजमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल तर लीकेज आहे आणि ते सापडल्याशिवाय पैसे घालू नयेत.

गॅस का बदलावा लागला

आर-१२ हा क्लोरीन असलेला सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, गॅस. तो वातावरणात साधारण १०० वर्षं टिकतो, वर गेल्यावर उन्हानं फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो, हे मोलिना आणि रोलंड ह्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं, त्याबद्दल १९९५ चं नोबेल त्यांना क्रुटझेन ह्यांच्यासोबत मिळालं. १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन खाणारे गॅस बंद करण्याचा माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये आला, आपले ओझोनचे नियम २००० सालचे, १ जानेवारी २००३ नंतर नवीन माल बनवताना सीएफसी वापरायला बंदी आली आणि २०१० पासून त्याचं उत्पादनही बंद झालं, फक्त दम्याच्या पंपासारखी औषधी सवलत सोडून. म्हणजे आज कुणी 'ओरिजिनल बारा नंबर' म्हणून सिलिंडर दाखवत असेल तर त्यात नक्की काय आहे हा प्रश्न विचारायलाच पाहिजे.

त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, ओझोनला धक्का नाही. पण वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करतो, त्यामुळं हाही गॅस हवेत सोडून द्यायचा नसतो. पाइप ढिला करून फुस्सकन जुना गॅस उडवून देणं आपल्याकडं सर्रास चालतं आणि ते चुकीचं आहे, आर-१२ च्या बाबतीत तर फारच. रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज शोधून तिथं गॅस काढून घ्यावा.

नुसता गॅस मारून का चालत नाही

पहिलं कारण तेल. कॉम्प्रेसरला तेल गॅसच मिळवून देतो, दोघं मिसळून फिरतात. आर-१२ बरोबर मिनरल तेल असायचं आणि ते १३४ए मध्ये विरघळत नाही, ते कॉइलमध्ये, कंडेन्सरच्या तळाला साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. १३४ए ला पॅग किंवा एस्टर हे सिंथेटिक तेल लागतं. कन्व्हर्जनला एस्टर जास्त भरवशाचं, कारण जुन्या सिस्टीममध्ये राहिलेल्या क्लोरीनच्या अंशानं पॅग बिघडू शकतं. दोन्ही तेलं हवेतली ओल ओढून घेतात, पॅग तर फारच, म्हणून डबा उघडा ठेवून चहाला गेलेला मेकॅनिक दिसला तर त्या डब्यातलं तेल घालू देऊ नये.

दुसरं कारण दाब, आणि हे आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाचं. कूलिंग कॉइलमध्ये शून्य अंशाला दोघांचा दाब जवळजवळ सारखा, आर-१२ चा ३.१ बार तर १३४ए चा २.९ बार. पण कंडेन्सरच्या बाजूला ६० अंशाला गेलं की आर-१२ साधारण १५.२ बारवर असतो आणि १३४ए १६.८ वर जातो. बाहेर ४० अंश, सिग्नलला गाडी उभी, पुढून वारा नाही, अशा वेळी कंडेन्सर ६० च्या पुढं सहज जातो. म्हणून जुना नळीचा कंडेन्सर ज्या गाडीत कसाबसा पुरत होता तिथं कन्व्हर्जननंतर तो पुरत नाही. बजेट असेल तर सगळ्यात आधी पॅरलल फ्लो कंडेन्सर आणि त्याच्यापुढं चांगला इलेक्ट्रिक फॅन लावावा, माझ्या मते हा एकच खर्च असा आहे की ज्यानं लगेच फरक कळतो.

तिसरं कारण रबर आणि ड्रायर. जुन्या काळ्या ओ-रिंगांऐवजी एचएनबीआर नावाच्या रबराच्या टाकतात, बाजारात त्या बहुतेक हिरव्या मिळतात. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे जुन्या प्रकारचे असले तर १३४ए ला चालत नाहीत, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ पाहिजेत, आणि तसंही सिस्टीम उघडली की ड्रायर नवाच टाकायचा. होजचं मात्र बघून ठरवावं. वर्षानुवर्षं मिनरल तेल मुरलेला होज कधीकधी बरा टिकतो, पण क्रिंपपाशी (होज धातूच्या टोकाला दाबून बसवलेला असतो तिथं) चिरा दिसल्या तर आतून गॅस झिरपू न देणारा बॅरियर थर असलेला नवीन होज क्रिंप करून घ्यावा. कॉम्प्रेसरचा आवाज नीट असेल तर तोच ठेवता येतो. जामच झाला असेल तर पुष्कळ गाड्यांना सँडेनचा पाच पिस्टनवाला ५०८ बसतो, त्याचीच १३४ए साठीची आवृत्ती ५एच१४, ब्रॅकेट आणि बेल्टची लाइन तेवढी जुळवावी लागते.

काम कसं चालतं

गाडी कुठल्या गॅसची आहे ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, स्टिकर गेला असेल तर चार्जिंग पिन बघायची. आर-१२ ची पिन आट्यांची असते, १३४ए ची गुळगुळीत, झटक्यात कपलर बसणारी, लो साइड (कमी दाबाची बाजू) १३ मिमी आणि हाय साइड (जास्त दाबाची) १६ मिमी. पण फक्त पिन बघून खात्री धरू नका, पिनेवर अडॅप्टर लावून आत काहीही भरलेलं असू शकतं.

लीकेज शोधताना चांगला माणूस आधी डोळ्यानं बघतो. गॅस जिथून जातो तिथून तेलही जातं आणि त्यावर धूळ बसून काळपट ओला डाग होतो. डिस्चार्ज होजच्या क्रिंपच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं की बोटाला तेलकट काळं लागतं, तिथंच साबणाचा फेस लावला की बारीक बुडबुडा हळूहळू फुगतो. कॉम्प्रेसरच्या पुढच्या शाफ्ट सीलला, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात जिथं दगड लागतात तिथं, आणि कूलिंग कॉइलला बघायचं. कॉइल सगळ्यात त्रासदायक, डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पालापाचोळा आणि ओल साचून ती सडलेली असते. लीकेज तपासायला आत दाब भरायचा तर नायट्रोजनच वापरतात. ऑक्सिजनचा सिलिंडर लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

मग जुनं तेल काढायचं. कॉम्प्रेसर उतरवून उलटा धरून हातानं फिरवत तेल मापात काढतात, फ्लश मारत नाहीत. पाइप, कॉइल आणि जुना नळीचा कंडेन्सर फ्लश करतात, मात्र त्या वेळी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर काढून ठेवलेले पाहिजेत, आणि शेवटी नायट्रोजननं पूर्ण वाळवायचं. पेट्रोल किंवा थिनरनं धुणारे लोक आहेत, ते राहिलं की नवीन तेल आणि रबर दोन्ही खराब.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं. इथं आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण ह्यावरून विनाकारण वाद होतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की व्हॅक्यूमची सुई (पाऱ्याच्या) २९.९ इंचावर गेली पाहिजे, पण ते समुद्रसपाटीचं आहे. सांगली साधारण ५५० मीटरवर, तिथं पंप कितीही चांगला असला तरी गेज २८ च्या आसपासच थांबणार, सातारा साधारण ७४० मीटरवर, तिथं साडेसत्तावीसच्या जवळ, आणि महाबळेश्वरला तर पंचवीस-साडेपंचवीस. हे पंपाचं दुखणं नाही, वर हवेचाच दाब कमी आहे. खरी खात्री आत उरलेला अगदी बारीक दाब मोजणाऱ्या मायक्रॉन गेजनं होते, ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवून पंप बंद करून सुई धरते का बघायचं. किमान अर्धा-पाऊण तास पंप चालू ठेवावा, कारण आत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर गोठते आणि मग एसी गार होत होत मध्येच बंद पडतो.

गॅस वजनावर भरायचा. जुन्या स्टिकरवर आर-१२ चं जे वजन असेल त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात, म्हणजे ९०० ग्रॅम लिहिलं असेल तर ७२० ग्रॅम, मग गेज बघत थोडं थोडं वाढवत ९० टक्क्यांच्या आत थांबायचं. ड्रायरवरच्या काचेत बघून भरायची जुनी सवय इथं घात करते, कारण बुडबुडे जाईपर्यंत भरणं आर-१२ ला चालायचं, १३४ए मध्ये काच दुधट दिसत राहते आणि माणूस भरतच सुटतो. बाहेर ३५ अंश आणि इंजिन १५०० आरपीएमला असताना लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड २१० ते २३५ पीएसआयच्या आसपास दिसली की काम बरं झालं समजायचं. हाय प्रेशर स्विच नसेल तर तो बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. पुण्याकडून येताना खंबाटकी चढताना गाडी हळू, इंजिनवर लोड, कंडेन्सरला वारा नाही, अशा वेळी दाब वाढला की तोच स्विच कॉम्प्रेसर कट करतो.

इथली खास दुखणी

उसाच्या पट्ट्यात पाचट जाळल्यावर उडणारी राख आणि ट्रॉल्यांमागची धूळ कंडेन्सरच्या पत्र्यांत जाऊन बसते. जतकडं तर नुसती धूळच. सीझन संपला की साध्या पाण्यानं, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेनं धुवावं, प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्रे वाकतात. गॅस कमी म्हणून आलेल्या काही गाड्या नुसत्या कंडेन्सर धुऊन गार होतात.

कृष्णेच्या पुरात २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्या गाड्या उभ्या बुडाल्या त्यांच्यात गॅसचं सर्किट दाबाखाली असल्यानं बहुधा आतून कोरडं राहतं, पण कॉम्प्रेसरच्या क्लचचं बेअरिंग, ब्लोअर, वायरिंग आणि गाळानं भरलेली कूलिंग कॉइल हे सगळं बघावं लागतं. पुरातल्या गाडीचा एसी लगेच सुरू करू नये, आधी क्लच हातानं फिरवून बघावा.

काय भरू नये

घरच्या जुन्या एसीतला आर-२२ गाडीत भरू नये, त्याचा दाब फार जास्त. स्वयंपाकाचा एलपीजी भरणारे आहेत, गार चांगला होतो आणि जुन्या तेलाबरोबर चालतो म्हणून भुरळ पडते. घरच्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा तसाच पेटणारा गॅस असतो हे खरं, पण तो थोडे ग्रॅम. गाडीत शेकड्यानं ग्रॅम लागतो आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डमध्ये, बंद काचांच्या आत असते, तिथं लीक झाला आणि ब्लोअरच्या मोटरची ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. स्वस्त नकली १३४ए मध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेला सापडतो, तो अ‍ॅल्युमिनियमशी रिअ‍ॅक्ट होऊन हवा लागताच पेट घेणारं रसायन तयार करतो. २०११ मध्ये जहाजांनी माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे असे स्फोट होऊन माणसं गेली. म्हणून सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा. नवीन गाड्यांतला आर-१२३४वायएफ जुन्या गाडीला घालण्यात अर्थ नाही, महाग आहे आणि थोडा ज्वलनशीलही.

काम झालं की बॉनेटच्या आत पेंट मार्करनं गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला, तेल कुठलं आणि तारीख लिहून घ्यावी, आणि जुना आर-१२ चा स्टिकर असेल तर त्यावर काट मारावी, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला गेज लावायच्या आधीच कळतं की आत काय आहे.