इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फासलं की चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजत नाही?

मासळी वाहणाऱ्या जुन्या ट्रकांच्या मालकांत हा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. ऑइलचा थर थोडे दिवस पाणी अडवतो, मग धुऊन जातो. उरलेल्यावर धूळ बसते आणि तीच ओल धरून ठेवते. जळक्या ऑइलमध्ये आम्लं असतात, त्याने रबरी बुश (सांध्यांत धक्के शोषणारे रबराचे तुकडे) फुगतात, शिवाय निथळलेलं तेल जमिनीत मुरतं, हे मला फार खटकतं.

खरा घात करतं ते बर्फाबरोबर ठिबकणारं खारं पाणी. चॅसिसच्या दुहेरी पत्र्यांच्या फटीत ते साचतं, तिथे ब्रश पोचतच नाही. खेप संपली की खालून गोड्या पाण्याने धुवा, बॉडीची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. गाडी पूर्ण सुकल्यावर तारेच्या ब्रशने गंज खरवडा, झिंक प्रायमर (गंज रोखणारा जस्ताचा पहिला थर) मारा, वर रंग द्या. फटींत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागांत फवारायचं गंजरोधक मेण, फवारा.