अंड्याच्या बलकातून जिवाणूंच्या विषावर उतारा

धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा बलक उंदरांना टोचला, तर उंदरांनाही त्या रोगापासून संरक्षण मिळते, हे फेलिक्स क्लेम्पेरर या जर्मन वैद्याने 1893 साली दाखवून दिले. त्याआधी तीनच वर्षे बेहरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातील प्रतिपिंडे (रोगाविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) विषाला निष्प्रभ करतात हे सिद्ध केले होते. मात्र अशा प्रतिपिंडांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले ते घोड्यांच्या रक्तापासून. परळची हाफकिन संस्था आणि 1966 साली पुण्यात स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट यांचे रक्तद्रवाचे कामही घोड्यांवरच उभे राहिले. कोंबडीचे अंडे त्यामुळे दीर्घकाळ मागे पडले, आणि माझ्या मते ते अन्यायकारक होते.

अंडे घातल्यावर पिल्लाचा आईच्या रक्ताशी संबंध उरत नाही, म्हणून कोंबडी आपल्या रक्तातील प्रतिपिंडे आधीच बलकात साठवून ठेवते. या प्रतिपिंडांना ‘आयजीवाय’ म्हणतात. जिवाणूचे निर्विष केलेले विषद्रव्य किंवा त्याचा एखादा तुकडा कोंबडीला टोचला आणि काही आठवड्यांनी पूरक मात्रा दिली, की त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे बलकात उतरू लागतात. एका बलकात साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम आयजीवाय असते; त्यातला थोडाच भाग नेमक्या त्या विषाविरुद्ध असला, तरी कोंबडी वर्षभर अंडी देत राहते आणि तिचे रक्त काढावे लागत नाही.

या पद्धतीचे खरे बळ दिसते ते आतड्यात. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा जिवाणू प्रतिजैविकांमुळे आतड्यातील नेहमीचे जिवाणू नष्ट झाल्यावर फोफावतो आणि ‘अ’ व ‘ब’ अशी दोन विषे सोडतो. ही विषे आतड्याच्या पेशींत शिरून त्यांचा आकार सावरणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात, त्यामुळे पेशींमधले सांधे सुटतात आणि रुग्णाला तीव्र जुलाब होतात. प्रतिजैविक देऊन जिवाणू मारले तरी त्यांचे बीजाणू (कठीण कवचातली सुप्त रूपे) टिकून राहतात, म्हणून अनेक रुग्णांमध्ये रोग उलटतो. किंक आणि विल्यम्स यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन्ही विषांविरुद्धची आयजीवाय हॅमस्टर प्राण्यांना तोंडावाटे दिली, तेव्हा रोग तर आटोक्यात आलाच, शिवाय तो उलटलाही नाही. येथे प्रतिपिंडे जिवाणूला मारत नाहीत. ती विषाला चिकटून त्याला पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. कोणताच जिवाणू मारला जात नसल्यामुळे प्रतिजैविकाने होते तशी आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची हानीही होत नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

आयजीवाय सस्तन प्राण्यांच्या पूरक प्रथिनांना (प्रतिपिंडांच्या जोडीने काम करणाऱ्या, दाह वाढवू शकणाऱ्या रक्तातील प्रथिनांना) चेतवत नाही, हाही तिचा एक गुण आहे. तरीही मर्यादा आहेतच. विष एकदा पेशीच्या आत गेले की प्रतिपिंड त्याला गाठू शकत नाही, त्यामुळे उपचार लवकर सुरू व्हावा लागतो. जठरातील आम्ल आणि पेप्सिन (प्रथिने पचवणारे द्रव्य) हे प्रतिपिंडाचे तुकडे करतात, म्हणून आम्लात न विरघळणाऱ्या आवरणातून ते आतड्यापर्यंत न्यावे लागते. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी तर बलकातील इतर प्रथिने काटेकोरपणे वेगळी करावी लागतात, आणि शुद्धीकरणाची ही पायरीच औषधाची किंमत ठरवते.