भूल देणारे दोघे: अमेरिकेत भूलतज्ज्ञ डॉक्टर व्हावं की नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट?

मागच्या हिवाळ्यात ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत एक मराठी आजोबा होते. मुलाकडे राहायला आलेले, हर्नियाचं ऑपरेशन. मी आत जाऊन नाव सांगितलं. दात हलतात का, रात्री शेवटचं काय खाल्लं, आधी कधी भूल घेतली आहे का, सगळं विचारलं. थोड्या वेळाने माझ्याबरोबरचे डॉक्टर आले आणि त्यांनीही जवळपास तेच प्रश्न विचारले. ते बाहेर गेल्यावर आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्हा दोघांपैकी मला भूल देणार कोण?"

"दोघंही," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण त्यातून त्यांना काही कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तोच प्रश्न महिन्याभरात माझ्या भाचीने वेगळ्या तोंडाने विचारला. ती न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र, डोक्यात मेडिकल. "मावशी, शेवटी ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून दोघंही तेच करणार असतील, तर मी लहान रस्ता का नको धरू?" मी स्वतः नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे. माझं पारडं कुठे झुकतं ते आधीच सांगितलेलं बरं. पण तिचा "लहान रस्ता" हा शब्द मला पटला नाही.

महाराष्ट्रात हा गोंधळ होत नाही. तिथे भूल देणारा म्हणजे डॉक्टरच: एमबीबीएस झालेला, त्यावर भूलशास्त्राची पदवी किंवा पदविका घेतलेला. त्याच्या शेजारी मशीन मांडून देणारा तंत्रज्ञ असतो, पण भूल तो देत नाही. म्हणून आपल्याकडच्या माणसाला "नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट" म्हटलं की तो तंत्रज्ञच डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तसं नाही. इथली नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट स्वतः औषध देते, श्वासनलिकेत नळी घालते, पाठीत सुई घालून स्पायनल भूल देते आणि ऑपरेशन संपेपर्यंत पेशंटच्या डोक्याशी बसते.

हे नवंही नाही. बॉस्टनमध्ये १८४६ साली ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. त्यानंतर बरीच वर्षं भूल देणं हे कोणाही शिकाऊच्या गळ्यात मारायचं काम होतं, आणि त्या शिकाऊचं लक्ष पेशंटपेक्षा सर्जनच्या हाताकडे जास्त. माणसं दगावत होती. म्हणून सर्जनांनीच हे काम नर्सकडे द्यायला सुरुवात केली, कारण ती नजर पेशंटवरून हलवत नसे. मिनेसोटातल्या मेयो बंधू या सर्जनांकडे काम करणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये चौदा हजारांहून जास्त भुलींचा आढावा छापला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. पुढे डॉक्टरांची ही स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि वाद कोर्टात गेले. १९१७ मध्ये केंटकीत आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात नर्सच्या बाजूने निकाल लागले. एकाच कामाला दोन व्यवसाय कसे, याचं उत्तर या इतिहासात आहे.

आता वर्षांचा हिशेब. डॉक्टर व्हायचं तर चार वर्षं कॉलेज, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. त्यानंतर भूलशास्त्राची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात पगारी काम करत घ्यायचं प्रशिक्षण, चार वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष इंटर्नचं. हृदयाच्या शस्त्रक्रिया, लहान मुलं, वेदनोपचार किंवा आयसीयू यांत खास काही करायचं असेल तर आणखी एक वर्ष. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी तिशीत, एकतिशीत पोचते.

नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टला चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग आयसीयूत निदान एक वर्ष. प्रत्यक्षात प्रवेश मिळतो तो बहुधा दोन-तीन वर्षं काढलेल्यांना. त्यानंतर साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ डॉक्टरेट अभ्यासक्रम. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच करावी लागते, पूर्वीची मास्टर्सची वाट बंद झाली. त्यात कमीत कमी ६०० केसेस आणि २००० तास प्रत्यक्ष काम, आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी पोचते.

म्हणजे फरक दोन-तीन वर्षांचा. लोक मात्र "निम्म्या वेळात होतं" म्हणतात.

शिवाय माझी भाची अठराची नाही आणि नर्सिंगलाही नाही. ती बाविसाव्या वर्षी जीवशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडेल. तिथून मेडिकल स्कूल आणि रेसिडेन्सी मिळून आठ वर्षं. नर्सिंगच्या वाटेने जायचं तर आधी जवळपास दीड वर्षाचा वेगवान बीएस्सी नर्सिंग, मग आयसीयूची दोन वर्षं, मग तीन. साडेसहा झाली, आणि मधल्या अर्जांच्या, थांबण्याच्या महिन्यांसकट सात. तिच्यासाठी "लहान रस्ता" जेमतेम वर्षभराने लहान आहे. आता दुसरं टोक बघा. पस्तिशीची, दोन मुलांची आई, दहा वर्षं आयसीयूत काढलेली नर्स. तिला इथून तीन वर्षं पुरतात. तीच मेडिकलकडे वळली तर आधी राहिलेले विज्ञानाचे विषय, मग चार, मग चार: दहा वर्षं, आणि ती पंचेचाळिशीत. एकाच प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं. "कोणता रस्ता लहान?" असं कुणी विचारलं की मी आधी "आत्ता कुठे उभी आहेस?" असं विचारते.

पैशाचंही असंच. नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची मध्यम कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर आहे, भूलतज्ज्ञ डॉक्टरची त्याहून बरीच जास्त. पण रेसिडेंटला तुटपुंजा का होईना पगार असतो. नर्सच्या तीन वर्षांच्या शिक्षणात पगार शून्य, आणि अभ्यासक्रम असा की बाहेर नोकरी करायला बहुतेकांना जमतच नाही. त्यात १ जुलै २०२६ पासून केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाचे नियम बदलतात. मेडिकलसारख्या व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर, इतर पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख. शिक्षण खात्याने व्यावसायिक पदव्यांची जी यादी मांडली तिच्यात नर्सिंग नव्हतं, आणि त्यावरून नर्सेसच्या संघटना खवळल्या. मलाही ते अन्यायाचं वाटतं. अर्ज करण्याआधी या वर्षीचा नियम कॉलेजच्या कर्जविभागात जाऊन विचारा, दोन वर्षांपूर्वी कुणी काय केलं त्यावर विसंबू नका.

मग टेबलाशी नेमका फरक काय?

भूल चढवण्याच्या क्षणी काहीच नाही. प्रोपोफॉल जातं, पापण्या मिटतात, मी मास्क घट्ट धरते, नळी घालते आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली, म्हणजे नळी बरोबर बसली हे कळलं, की श्वास सोडते. बोटाला लावलेल्या मशीनचा टिक-टिक आवाज रक्तातल्या ऑक्सिजनबरोबर वर-खाली होतो. ऑक्सिजन घसरला की सूर उतरतो. माझी पाठ पडद्याकडे असली तरी तो उतरता सूर कानाला टोचतो, आणि तो डॉक्टरच्या कानालाही तसाच टोचतो. हात तेच, कान तेच.

फरक आहे तो जबाबदारी कुठे थांबते त्यात. आमच्याकडे चालते ती पद्धत अशी: एक भूलतज्ज्ञ डॉक्टर एका वेळी जास्तीत जास्त चार खोल्यांवर देखरेख करतो, प्रत्येक खोलीत एक नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट पूर्ण वेळ बसते. भूल चढताना आणि उतरताना डॉक्टर हजर असतो, मधे फेऱ्या मारतो, अडचण आली की धावत येतो. पेशंटला महाधमनीची झडप आकसल्याचा आजार असेल तर योजना कशी आखायची, ऑपरेशन आज करायचं की पुढे ढकलायचं, सर्जनला "नाही" कोण सांगणार, हे शेवटी त्याच्यावर येतं. मेडिकल स्कूलमध्ये त्याने मूत्रपिंडापासून मनोविकारापर्यंत सगळं शरीर एकदा पालथं घातलेलं असतं, आणि असा गुंतागुंतीचा पेशंट आला की ते कामी येतं. मी हे मोकळेपणाने मान्य करते.

पण ही पद्धत सगळीकडे नाही. २००१ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, राज्यांच्या गव्हर्नरना डॉक्टरच्या देखरेखीची अट काढून घेण्याची मुभा दिली. आयोवा पहिलं, कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये तेच केलं, आणि आता अशी राज्यं दोन डझनांच्या आसपास आहेत. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी लहान रुग्णालयांत भूल देणारी एकच व्यक्ती असते, ती नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट. रात्री दोनला अडलेलं बाळंतपण आलं तर तिथे हाक मारायला वरचं कुणी नाही. म्हणून "नर्स म्हणजे कमी जबाबदारी" असं समजून या वाटेला येणाऱ्यांना मी थांबवते. तुमची जबाबदारी किती, हे तुमच्या पदवीइतकंच तुमचं राज्य आणि रुग्णालय ठरवतं.

सुरक्षित कोण, हा वाद डॉक्टरांची आणि नर्सेसची अशा दोन्ही संघटना वर्षानुवर्षं घालतात. २०१४ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास तपासले आणि कोणती पद्धत वरचढ हे ठामपणे सांगता येत नाही असं म्हटलं. नावावरूनही भांडण आहे. डॉक्टरेट घेतलेल्या नर्सने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं यावर न्यू हॅम्पशायरचं सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्ये बोललं, "अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट" हा शब्द डॉक्टरांपुरताच ठेवला. मला तो शब्द नको आहे. आजोबांना मी "मी तुमची नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट" म्हणूनच सांगितलं होतं.

भाचीला मी सगळ्यात जास्त वेळ सांगत बसले ते आयसीयूबद्दल. मेडिकलला जाणाऱ्या मुलांना वाटतं की आयसीयूची वर्षं म्हणजे प्रवेशासाठीची अट, कशीबशी काढायची. तसं नाही. रात्री तीन वाजता सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या पेशंटचा रक्तदाब पडतो, तो वाढवणाऱ्या नॉरएपिनेफ्रिनचा पंप तुमच्या हाताखाली असतो, धमनीत घातलेल्या नळीतून मोजलेल्या रक्तदाबाचा आकडा पडद्यावर हलतो आणि किती वाढवायचं हे हात शिकतो. त्याच रात्री तुम्ही त्याच माणसाला कुशीवर वळवता, शी झालेली असते ती पुसता, चादर बदलता, ओठांना ओला बोळा लावता. बाहेर त्याची बायको बसलेली असते, तिला काय चाललंय ते सांगता. हे नर्सचं काम आहे. डोक्याशी बसून पेशंटवरची नजर न हलवण्याची सवय मला तिथेच लागली. ज्याला हे काम आपल्या पायरीचं वाटत नाही त्याने ही वाट धरू नये. तीन वर्षं मनात कुढत काढलेली नर्स पेशंटला कळते.

मेडिकलचीही अशीच एक बाजू आहे, ती कुणी सांगत नाही. नर्सचा तो अभ्यासक्रम भुलीकडेच जातो, दुसरीकडे कुठे नाही. मेडिकल स्कूल मात्र भूलशास्त्राची हमी देत नाही. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो, आणि चार वर्षांनी मार्चमधल्या मॅचच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या दिवशी कोणती शाखा पदरात पडते ते कळतं. भाचीला मी विचारलं, "भूलशास्त्र नाही मिळालं, मेडिसिन मिळालं, तरी डॉक्टर असण्यात आनंद वाटेल का?" ती चटकन "हो" म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मला खरं तर निदान करायला आवडतं, मावशी. कोडं सोडवल्यासारखं." हे मी आजवर तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. निदान करायला आवडणाऱ्याला नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या कामात ते फार थोडं मिळेल. आमच्याकडे पेशंट येतो तो बहुधा निदान होऊनच.

भारतातून येऊ पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिथे एमडी भूलशास्त्र केलेल्या डॉक्टरांनाही इथे बहुधा यूएसएमएलई ही डॉक्टरांची लायसन्स परीक्षा आणि रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते, आणि तो त्रास टाळायला नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या दारातून शिरता येत नाही, कारण त्यासाठी आधी नर्स असावं लागतं. बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या मुलींना मात्र हे दार उघडं आहे. एनक्लेक्स, इथलं लायसन्स, आयसीयूचा अनुभव, आणि व्हिसाची लांबलचक रांग. फक्त एक ध्यानात ठेवा: ही पदवी घेऊन परत गेलात तर भारतात भूल देता येणार नाही. आईवडिलांसाठी पाच-दहा वर्षांनी परतायचा विचार असेल तर हे आत्ताच तोलून बघा.

ताईला अजून वाटतं की मी तिच्या मुलीचं मन वळवते आहे. "तू नर्स झालीस म्हणून तिनेही व्हावं का?" असं ती फोनवर म्हणाली. मी तिला सांगितलं की मुलगी या उन्हाळ्यात घराजवळच्या रुग्णालयात नर्सिंग असिस्टंट म्हणून रात्रपाळ्या करणार आहे, आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या मागे चार दिवस फिरणार आहे. दोन्ही तिने स्वतःच ठरवलं. पहिल्या रात्रपाळीनंतर सकाळी साडेसातला तिचा फोन आला, आवाज बसलेला. एका आजींना चार वेळा वळवलं म्हणाली, आणि मग विचारलं, "मावशी, त्यांना ताप नेमका कशामुळे आला असेल गं?"